दम आधी येतो, टाच मागून

दिवाळी उलटून गेल्यावरच्या एका रविवारी सकाळी मी साडेनऊ वर्षांनी बास्केटबॉल खेळायला उतरलो. महापालिकेचं मैदान, सिमेंटचा कोर्ट, एका रिंगला जाळी, दुसरीला नुसतंच लोखंडी कडं. कॉलेजातली पाच पोरं होती, तीन-तीनला एक भिडू कमी पडत होता. त्यातल्या एकानं चेंडू काखेत धरून विचारलं, "काका, येता का?" मी खरं तर फक्त चालायला आलो होतो. पण 'काका' ऐकल्यावर माघार घेववेना.

पहिलाच शॉट आत. दुसरा बोर्डाला लागून आत. मनात म्हटलं, काही म्हणजे काही गेलेलं नाही. चौथ्या मिनिटाला मी गुडघ्यांवर हात टेकून उभा होतो आणि घशाशी लोखंडाची चव येत होती. नवव्या मिनिटाला रिबाउंडसाठी, म्हणजे शॉट हुकून परत उडालेल्या चेंडूसाठी, उडी मारली, खाली आलो आणि त्याच पायावर गर्रकन वळून पळायला निघालो, तेवढ्यात डाव्या पोटरीवर मागून कुणीतरी सणसणीत चेंडू मारला. चिडून मागे पाहिलं. मागे कुणी नव्हतं. चेंडू माझ्या पुढे, रिंगखाली होता.

पोटरीचा स्नायू थोडा फाटला होता. दवाखान्यात सल्ला मिळाला, "या वयात उड्या कशाला मारायच्या? चालत जा की रोज." वय 41. हा सल्ला मला चालणार नव्हता. पुढे ज्या फिजिओथेरपिस्ट मॅडमकडे गेलो, त्यांनी मात्र नेमकं दुखणं सांगितलं. "तुमचा हात कुठं गेलाच नव्हता. दम दीड-दोन महिन्यांत येईल. टाच अजून आलेली नाही, आणि तिला न विचारताच तुम्ही खेळायला गेलात."

टाच म्हणजे त्यांच्या भाषेत पोटरी आणि तिला टाचेच्या हाडाशी बांधणारी जाड कंडरा, दोन्ही मिळून. शरीराचे सगळे भाग एकाच गाडीनं परत येत नाहीत, ही गोष्ट मला त्या वाक्यातून उमगली. ती नीट समजायला पुढचे चार महिने गेले.

आधी जातं ते रक्तातलं पाणी

खेळ सुटला की आधी स्नायू झडतात असं आपल्याला वाटतं, कारण आरशात तेच दिसतं. प्रत्यक्षात पहिली गळती रक्तात होते. नियमित धावणाऱ्या-खेळणाऱ्या माणसाच्या रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, वाढलेला असतो. रक्त जास्त असलं की प्रत्येक ठोक्याला हृदयात जास्त भरतं आणि जास्त बाहेर फेकलं जातं. व्यायाम थांबला की शरीर हा जादा साठा सांभाळत बसत नाही. 1980च्या दशकात अमेरिकेत एडवर्ड कॉइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तम तयारीच्या खेळाडूंना मुद्दाम सराव बंद करायला लावून मोजमापं घेतली. दोन ते चार आठवड्यांत प्लाझ्मा सुमारे 12 टक्क्यांनी घटला. शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं (जिममधली मंडळी ज्याला व्हीओटू मॅक्स म्हणतात) ती क्षमता पहिल्या तीन आठवड्यांत 7 टक्के उतरली, आठ आठवड्यांत 16 टक्के, आणि मग तिथं स्थिरावली.

म्हणजे महिनाभराच्या आजारपणानंतर किंवा परीक्षेच्या सुट्टीनंतर कोर्टवर जो दम तुटतो, त्यातला बराचसा हिशोब या पाण्याचा असतो. हे पाणी जसं भरभर जातं तसंच भरभर परतही येतं. पहिल्या दोन आठवड्यांत "अरे, बराच फरक पडला" असं वाटतं ते त्यामुळेच. ही सुरुवातीची प्रगती खरी असते, पण फसवीसुद्धा.

वर्षानुवर्षांच्या खंडाचं काय? इथं मला डल्लासचा प्रयोग फार आवडतो. 1966 साली टेक्सासमधल्या डल्लास शहरात विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर पडून राहायला लावलं. उठले तेव्हा त्यांची ऑक्सिजन वापरायची क्षमता पावपेक्षा जास्त घटली होती. तीस वर्षांनी तेच पाच जण पुन्हा तपासले गेले. आता पन्नाशीला आलेले, वजन सरासरी 77 किलोंवरून 100 किलोंवर गेलेलं, अंगातली चरबी दुप्पट. तरीही, तीस वर्षांच्या वयानं त्यांची क्षमता जितकी घटवली होती, त्यापेक्षा त्या तीन आठवड्यांच्या पडून राहण्यानं जास्त घटवली होती! मग त्यांना सहा महिने हळूहळू वाढवत चालणं, जॉगिंग, सायकल असं करायला लावलं. तीस वर्षांत गेलेली क्षमता जवळपास पूर्ण परत आली.

पाचच माणसं होती, हे लक्षात ठेवलं पाहिजे. शिवाय परत आलेल्या क्षमतेत एक बारकावा होता. हृदयाचा पंप काही विशीतला झाला नव्हता. स्नायू मात्र मिळालेल्या रक्तातून ऑक्सिजन जास्त चांगला ओढून घ्यायला शिकले होते. म्हणजे दुकान जुनंच, पण माल वाया जाणं थांबलं. हा प्रयोग वाचल्यावर "आता काय उरलंय" हे माझं रडगाणं थांबलं, निदान दमापुरतं तरी.

रोज पाच किलोमीटर पळणाऱ्याचाही दम का तुटतो

आमच्या जुन्या टीमचा सेंटर, म्हणजे रिंगखाली खेळणारा उंच गडी, रोज पहाटे टेकडीवर पळतो. त्याला एकदा ओढून आणलं. सहा मिनिटांत तो बाकावर. "मी तर रोज पळतो रे," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, जणू कोर्टनं त्याची फसवणूक केली.

बास्केटबॉलचा दम वेगळा असतो. 1995 साली ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय लीगमधल्या खेळाडूंच्या हालचाली मोजल्या गेल्या. एका सामन्यात एक खेळाडू सरासरी हजाराच्या आसपास वेळा हालचाल बदलत होता. उभा, चालणं, बाजूला सरकणं, पळणं, उडी, पुन्हा उभा. म्हणजे दर दोन सेकंदांना काहीतरी नवं. उड्या सरासरी 46. आणि चेंडू चालू असतानाच्या वेळातला सुमारे पाऊण भाग त्यांचे हृदयाचे ठोके कमाल पातळीच्या 85 टक्क्यांच्या वर होते.

हे समजायला पैशाचा हिशोब बरा पडतो. स्नायूकडे तीन ठिकाणी पैसे असतात. एक म्हणजे खिशातली चिल्लर. क्रिएटिन फॉस्फेट नावाचं रसायन, जे लगेच हाताशी असतं पण काही सेकंदांच्या जोरदार पळण्यात संपतं. दुसरी उधारी. साखर घाईघाईनं मोडून मिळणारी ऊर्जा. पटकन मिळते, पण मागे पाय जड करून जाते. आणि तिसरा पगार. श्वासातून आलेल्या ऑक्सिजनवर चालणारा संथ, पण न संपणारा पुरवठा. टेकडीवर एका लयीत पळणारा माणूस पगारावर जगतो. कोर्टवर मात्र प्रत्येक फास्ट ब्रेक, प्रत्येक कट, प्रत्येक उडी खिशातल्या चिल्लरवर होते. आणि ती चिल्लर पुन्हा भरायची कशातून? पगारातूनच. तीस सेकंद विसावा मिळाला तर निम्मी भरते, पुरती भरायला तीन ते पाच मिनिटं लागतात. खेळात एवढा वेळ कुणी देत नाही. मग उधारी चढत जाते आणि सहाव्या मिनिटाला माणूस बाकावर.

तेव्हा नुसतं पळून भागत नाही, पण पळण्यानं पगार वाढतो, म्हणून तेही हवं. त्याच्या जोडीला चिल्लर खर्चून भरण्याची सवय लावावी लागते. मी ज्या पद्धतीनं केलं ती साधी आहे. दहा सेकंद जोरात, पन्नास सेकंद चालत, असं आठ वेळा. दोन आठवड्यांनी पन्नासचे चाळीस, मग तीस. 28 मीटर लांबीचा कोर्ट यासाठी छान पडतो. एका टोकाच्या रेषेवरून सुटून फ्री थ्रोच्या रेषेला हात लावून परत, मग अर्ध्या कोर्टाला, मग पलीकडच्या फ्री थ्रोला, मग पार टोकाला. आमचे सर याला 'सुसाइड' म्हणायचे. नाव बदलायला हवं खरं तर. मात्र पूर्ण वेगानं पळून रेषेवर करकचून थांबणं हा दमापेक्षा पायाच्या कंडरांवर जास्त मार असतो. म्हणून पहिले कित्येक आठवडे मी दमाचं काम सायकलवर आणि इमारतीचे जिने चढून केलं. उतरताना लिफ्ट.

लिफ्ट का, तर स्नायू ताणला जात असतानाच त्याला जोर लावावा लागतो तेव्हा त्यात सूक्ष्म इजा होतात. जिना उतरणं, उडीवरून खाली येणं, पळता पळता थांबणं, सगळं यातलंच. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कमोडवर बसताना जे हाय हाय होतं ते यामुळे. त्याला लॅक्टिक अॅसिड साचलं म्हणतात, पण ते तासाभरात निघून गेलेलं असतं, बिचारं उगाच बदनाम आहे. चांगली गोष्ट अशी की तोच व्यायाम आठ-दहा दिवसांनी पुन्हा केला तर दुखणं खूपच कमी होतं. स्नायू एका धड्यात बरंच शिकतो. म्हणून पहिला डोस मुद्दाम लहान ठेवायचा. अगदी "एवढंच?" वाटेल इतका.

एक मात्र गमतीवारी नेऊ नये. पहिल्याच दिवशी जोशात शरीर मोडेस्तोवर मेहनत केली, स्नायू सुजून दगडासारखे झाले आणि लघवी काळ्या चहाच्या रंगाची झाली, तर हे साधं अंग दुखणं नाही. स्नायू मोडून त्यातले घटक मूत्रपिंडात अडकू लागल्याची ती खूण असते. त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. आणि चाळिशीच्या आसपास असाल, बीपी-साखर असेल, विडी-सिगारेट असेल, घरात कुणाला लवकर हृदयविकार झाला असेल, तर कोर्टवर उतरण्याआधीच तपासून घ्यायचं. पस्तिशीनंतर खेळताना अचानक कोसळण्यामागे बहुतेकदा हृदयाच्या रक्तवाहिन्यांमधला अडथळा असतो. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, चक्कर, नेहमीपेक्षा वेगळीच धाप, यांतलं काही झालं तर "अजून एक बास्केट" नाही. तिथंच थांबायचं.

हाताला आठवतं, पायाला नाही

पहिल्या दिवशी माझे दोन शॉट आत का गेले, हे कोडं सोपं आहे. चेंडू सोडण्याची क्रिया मेंदूत हजारो वेळा गिरवलेली असते, आणि अशी हातवळणी वर्षानुवर्षं टिकते. सायकल चालवण्यासारखंच. स्नायूंची ताकदसुद्धा दमाच्या मानानं चिवट असते, तीन-चार आठवड्यांच्या खंडानं फारशी ढळत नाही. नॉर्वेतल्या ऑस्लोच्या संशोधकांनी 2010 साली उंदरांमध्ये दाखवलं की मेहनतीनं स्नायूच्या तंतूंत जी जादा केंद्रकं (पेशीचा कारभार चालवणारे गाभे) येतात, ती स्नायू पुन्हा रोडावल्यावरही तशीच राहतात. माणसात हे कितपत लागू पडतं यावर अजून वाद चालू आहे. पण ज्यानं कधीकाळी अंग कमावलंय त्याला ते नवख्यापेक्षा लवकर परत मिळतं, हे कुठलाही तालमीतला वस्ताद सांगेल.

मग घोडं अडतं कुठं? शॉटची ताकद खांद्यातून येत नाही, पायांतून येते. गुडघे वाकतात, टाचा उचलतात, तो जोर कमरेतून, खांद्यातून मनगटापर्यंत चढतो. पाय थकले की हात तेच करतो, पण चेंडू रिंगच्या पुढच्या कड्याला लागून खाली पडतो. पुढचा कडा वाजायला लागला की समजावं, आज पाय संपले. बाहेरून खेळ पाहणाऱ्यालाही ही खूण ओळखता येते, एकदा बघून बघा.

शिकागोच्या संघाचा अमेरिकन बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डनचंच उदाहरण घ्या. ऑक्टोबर 1993 मध्ये त्यानं निवृत्ती घेतली, 1994 मध्ये बेसबॉल खेळला आणि मार्च 1995 मध्ये परत आला. 19 मार्चला इंडियानाविरुद्धच्या पहिल्या सामन्यात त्यानं 28 शॉट घेतले, आत गेले 7. नऊ दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये त्याच माणसानं 55 गुण कुटले. जगाला वाटलं, झालं, आला परत. पण मेच्या महिन्यात ऑर्लँडोविरुद्ध, सामन्याच्या शेवटच्या क्षणांत त्याच्या हातून चेंडू मागून हिसकावला गेला आणि शिकागो ती मालिका हरलं. बेसबॉलनं त्याचं शरीर वेगळ्या कामासाठी घडवलं होतं. त्या उन्हाळ्यात तो एका चित्रपटाच्या चित्रीकरणात अडकला होता, तर स्टुडिओच्या आवारातच त्याच्यासाठी कोर्ट उभारला गेला, आणि प्रशिक्षक टिम ग्रोव्हरबरोबर त्यानं पुन्हा बास्केटबॉलचं शरीर बांधलं. पुढच्या मोसमात शिकागोनं 82 पैकी 72 सामने जिंकले.

त्या मधल्या 55 गुणांनी मला जास्त शिकवलं. एखादा दिवस झकास जातो. तेवढ्यावरून शरीर परत आलं असं समजायचं नाही. वयाच्या बत्तिशीत, जगातल्या सर्वोत्तम सोयी दिमतीला असताना त्याला आख्खा उन्हाळा लागला. मी रविवारी साडेआठला उतरून पावणेनऊला काय सिद्ध करणार होतो?

सर्वांत मागचा प्रवासी

आता टाच. स्नायूला हाडाशी बांधणारी पांढरी, चिवट दोरी म्हणजे कंडरा. तिला रक्तपुरवठा कमी, आणि तिची झीज भरून निघते ती अतिशय सावकाश. किती सावकाश, हे कळलं ते अणुबाँबमुळे. 1950 आणि 60च्या दशकांत उघड्यावर झालेल्या अणुचाचण्यांनी हवेतला कार्बन-14 भरमसाट वाढवला, आणि 1963च्या करारानंतर तो दरवर्षी कमी होत गेला. त्या हवेतून तो झाडांत, अन्नात आणि आपल्या शरीरात आला. त्यामुळे शरीराचा कुठला भाग कोणत्या वर्षी बांधला गेला, याचा जणू शिक्काच त्यावर बसला. डेन्मार्कच्या संशोधकांनी 2013 साली वेगवेगळ्या वयांच्या लोकांच्या टाचेमागची कंडरा तपासली. तिच्या गाभ्यावरचा शिक्का होता साधारण सतराव्या वर्षापर्यंतचा. त्यानंतर तिथं जवळजवळ नवं काही घडलेलंच नव्हतं! त्याच लोकांच्या स्नायूंत मात्र सतत नवी भर पडत होती.

म्हणजे 41 वर्षांचा मी दहावी-बारावीत असताना विणलेल्या दोरीवर उडी मारून उतरत होतो. आणि उडीवरून उतरताना त्या दोरीवर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो.

कंडरा मेलेली नसते, भाराला ती प्रतिसाद देते, पण तिच्या वेळेनं. जड भार, सावकाश हालचाल आणि बारा-एक आठवड्यांची चिकाटी, इतकं दिलं तर ती अधिक ताठ आणि भार झेलणारी होते. घोळ असा की दम सहा आठवड्यांत आलेला असतो, डोकं तर पहिल्या दिवसापासून विशीत असतं. अंगात दम आहे म्हणून आपण वेग वाढवतो, आणि तो वेग येतो त्या मागे राहिलेल्या दोरीवर. सहाव्या-आठव्या आठवड्यातला माणूस मला म्हणूनच पहिल्या दिवसाच्या माणसापेक्षा जास्त धोक्यात वाटतो. पहिल्या दिवशी निदान दम तुटून तो बाकावर तरी बसतो.

हे फक्त माझ्यासारख्या रविवारच्या खेळाडूंचं नाही. 2011 साली अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमध्ये मालक-खेळाडूंच्या वादामुळे मार्चपासून जुलैपर्यंत क्लबची दारं बंद राहिली. खेळाडूंना नेहमीचे प्रशिक्षक नाहीत, नेहमीचा सराव नाही. दारं उघडली, सराव शिबिरं लगेच पूर्ण जोरात सुरू झाली, आणि पहिल्या 12 दिवसांत 10 खेळाडूंच्या टाचेमागची कंडरा तुटली. पुढच्या 17 दिवसांत आणखी दोन. शरीर कमावणं हाच ज्यांचा धंदा, त्यांची ही गत.

मॅडमनी मला जे दिलं ते दिसायला अगदी पोरकट होतं. स्वयंपाकघराच्या ओट्याला हात टेकायचा आणि टाचा उचलायच्या. तीन सेकंदांत वर, तीन सेकंदांत खाली. आधी दोन पायांवर, मग एका पायावर, मग पाठीवर सॅक, सॅकमध्ये पाच किलोंचा आट्याचा पुडा. गुडघा सरळ ठेवून एकदा आणि किंचित वाकवून एकदा, कारण पोटरीत दोन मुख्य स्नायू आहेत आणि खोलवरचा स्नायू गुडघा वाकल्यावर जास्त कामाला लागतो. एका पायावर सलग पंचवीस वेळा, न डगमगता, होईपर्यंत उडी नाही. मला पहिल्या दिवशी डाव्या पायावर सात जमले.

आणि एक कसोटी. सकाळी उठल्यावरची पहिली पावलं. व्यायाम करताना कंडरा गरम असते, तेव्हा ती खोटं बोलते. खरं ती दुसऱ्या दिवशी सकाळी सांगते. माझ्या पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंत अकरा पावलं आहेत. त्या अकरा पावलांत टाच कालच्यापेक्षा जास्त आखडली असेल, तर काल जास्त झालं, आज कमी करायचं. कालच्याइतकीच किंवा कमी, तर पुढं जायचं. दर आठवड्याला 10 टक्केच वाढवा असा एक नियम सगळीकडे ऐकू येतो. त्यामागे भक्कम पुरावा नाही. उतावळ्या माणसाला लगाम म्हणून तो ठीक आहे, पण माझा भरवसा या अकरा पावलांवर जास्त बसला.

कोर्टवर परत

टाचा पंचवीस झाल्यावर दोरीच्या उड्या, दोन्ही पायांवर, वीस-वीसच्या फेऱ्या. मग जागच्या जागी उडी मारून आवाज न करता उतरणं. धप्प आवाज आला तर गुडघा-घोट्यानं धक्का झेललाच नाही, हाडांनी झेलला. खाली राहणाऱ्या आजींनी तक्रार केली नाही, हेच प्रमाणपत्र. मग एका पायाच्या उड्या, मग ले-अप (रिंगजवळ जाऊन एका पायावर उडी मारत चेंडू टाकणं), आधी चालत, मग हळू पळत. शूटिंग मी पहिल्या दिवसापासून करत होतो, पण उडी न मारता आणि रिंगच्या अगदी जवळून. 6.75 मीटरवरच्या थ्री पॉइंटच्या रेषेला दोन महिने हात लावला नाही. लांबून टाकायला गेलं की थकलेले पाय भरपाईसाठी खांदा ओढतात, आणि चांगली असलेली हातवळणी बिघडते.

घोटाही विसरू नये. या खेळात सर्वाधिक मुरगळतो तो घोटाच, आणि ज्याचा एकदा मुरगळलाय त्याचा पुन्हा मुरगळण्याची शक्यता जास्त. सूज उतरली तरी घोट्याची 'मी कुठं आहे' ही जाणीव बोथट झालेली असते. एका पायावर उभं राहून दात घासा, जमलं की डोळे मिटून. लेस बांधायचे घोट्याचे पट्टे मिळतात, तेही घालावेत, त्यात कसली लाज.

बुटांचं सांगायचं राहिलं. मी माळ्यावरून माझे जुने बूट काढले, कॉलेजनंतर पहिल्या पगारातून घेतलेले. दिसायला नवेकोरे. तिसऱ्या दिवशी धावता धावता उजव्याचा सोल पुढून जिभेसारखा लोंबायला लागला आणि आतल्या फोमचा भुगा कोर्टवर सांडला. असा फोम न वापरता ठेवला तरी हवेतल्या ओलाव्यानं आतून विरतो. पोरं हसली, मीही हसलो. सिमेंटच्या कोर्टवर खेळणार असाल तर बुटात कंजूषी नको, आणि खेळण्याआधी कोर्ट झाडून घ्या. सिमेंटवरच्या बारीक वाळूवर पाय सरकला की उरलेलं सगळं ज्ञान व्यर्थ.

थ्री ऑन थ्री, म्हणजे एका रिंगवरच्या तीन-तीनच्या खेळाबद्दलही एक गैरसमज आहे, की अर्धा कोर्ट म्हणजे निम्मी मेहनत. टोकियो ऑलिंपिकपासून तो स्वतंत्र पदकाचा खेळ आहे; दहा मिनिटं किंवा 21 गुण, आणि शॉट घ्यायला 24च्या जागी 12 सेकंद. लांब पळणं कमी, पण थांबणं, वळणं, उडणं सलग. टाचेला विचाराल तर ती म्हणेल, हा जास्त कठीण. म्हणून मी सुरुवात केली ती सात गुणांच्या डावांनी. एक डाव खेळायचा, एक बाहेर बसायचं, आठवड्यातून दोनच दिवस, मध्ये निदान दोन दिवसांची सुट्टी.

मार्च लागल्यावर ऊन आलं. उकाड्याला सरावायला शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात, आणि त्या दिवसांत होतं काय, तर प्लाझ्माच वाढतो, घाम लवकर सुटायला लागतो. तेव्हा पहिले दोन आठवडे उन्हात कमी खेळायचं. विदर्भातल्या माझ्या मित्रांना हे सांगायची गरज नाही, ते एप्रिल-मेमध्ये संध्याकाळचे सात वाजल्याशिवाय घराबाहेर पडत नाहीत. झोपेचं तर काय सांगू. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बास्केटबॉल खेळाडूंना काही आठवडे रात्री दहा तास अंथरुणात काढायला लावलं, तर त्यांच्या फ्री थ्रोंची अचूकता 9 टक्क्यांनी वाढली. घरात सातवीतली मुलगी आणि सकाळी सहाची पाण्याची वेळ असताना दहा तास कुठून आणणार? साडेसात जमले, तेवढ्यावर भागवलं.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी तीच पोरं, तोच कोर्ट. जाळी नसलेल्या रिंगवर खेळलो. तीन डाव, मध्ये दोनदा बाहेर. शेवटच्या डावात 6-6 असताना चेंडू माझ्या हातात आला. डावीकडून आत घुसायला जागा होती, पण डावीकडून घुसायचं म्हणजे डाव्या पायावर उडी. थांबलो, तिथूनच जागेवरून शॉट टाकला. पुढचा कडा वाजला. समोरच्यांनी रिबाउंड घेतला, जिंकले.

"काका, अजून एक?"

"उद्या सकाळी बघू," मी म्हटलं. उद्या सोमवार होता, त्यामुळे तो गोंधळला.

सोमवारी सहाला उठलो. पाय जमिनीवर ठेवले, पलंगाच्या कडेला क्षणभर बसलो. मग निघालो. चार, पाच, सहा. बाहेर दुधाची पिशवी पडल्याचा आवाज झाला. नऊ, दहा, अकरा. टाच काहीच बोलली नाही. ओट्याला हात टेकून मी दोन्ही टाचा उचलल्या, आणि तसाच वरच्या फळीवरचा चहाचा डबा काढला.